पंडितराज आणि लवंगी

ज्येष्ठातील दशहरात आपल्यापैकी अनेकजणी 'गंगालहरी' म्हणतात. ती रचणाऱ्या जगन्नाथ पंडिताला काशीच्या ब्रह्मवृंदाने वाळीत टाकले, अशी दंतकथा आहे. सतराव्या शतकातला हा तैलंग ब्राह्मण शाहजहानच्या दरबारी होता. अपराध एवढाच, की लवंगी नावाच्या यवनकन्येवर त्याचे मन जडले. घाटावर बसून तो एकेक श्लोक म्हणत गेला, गंगा एकेक पायरी चढत आली, आणि बावन्नाव्या श्लोकाला तिने दोघांना पोटात घेतले.

१९६० साली विद्याधर गोखले यांनी हा विषय संगीत नाटकासाठी घेतला. 'पंडितराज जगन्नाथ' 'ललितकलादर्श'ने रंगभूमीवर आणले; संगीत वसंत देसाई यांचे. संगीत नाटकाला तेव्हा उतरती कळा लागली होती. पदे उगाच मध्ये घुसडतात, ही जुनीच तक्रार. पण येथे नायकच कवी, आणि कथेचा शेवटही काव्यातच! ही निवड मला फार मार्मिक वाटते.

लवंगीचा मात्र इतिहासात भरवशाचा पुरावा नाही. 'भामिनीविलासा'त मृत प्रियेसाठी विलाप आहे, पण तिचे नाव नाही. पंडिताने जात गमावली हे सारे सांगतात. तिने काय गमावले, हे कोण विचारतो? आपल्या मंडळाने कधी हे नाटक बसवलेच, तर माझे लक्ष तिच्याकडे राहील.