गिअर उशिरा का पडतो? भंडाऱ्याच्या रस्त्यावरच्या निदानविद्येचा इतिहास

भंडारा जिल्ह्याची गिअरबॉक्सशी ओळख दोन वाटांनी झाली, एक रस्त्याची आणि दुसरी कारखान्याची. नागपूर-रायपूर महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्हा चिरत जातो. त्यावरून जाणाऱ्या मालाच्या ट्रकांनी इथल्या मिस्त्र्यांना कामही दिले आणि शिक्षणही. त्याच रस्त्यावर गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ मध्ये उभा राहिला आणि तिथे व्यापारी वाहनांचे गिअरबॉक्स बनू लागले. असे असूनही जुन्या ऑटोमॅटिक कारचा गिअर उशिरा पडू लागला, की गॅरेजमधून पहिला सल्ला येतो तो ‘बॉक्स खोलून पाहू’ हाच. हा सल्ला अडाणीपणाचा नाही. तो एका काळाचा वारसा आहे. मात्र त्या वारशातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे अजून नीट ठरलेले नाही. माझे म्हणणे असे की जुन्या मिस्त्र्याची विचारण्याची पद्धत आजही खरी आहे, त्याची खोलण्याची घाई मात्र आता चालत नाही.

खोलण्याची सवय का पडली, हे समजायला ट्रकचा जुना गिअरबॉक्स आठवावा लागतो. त्यात गिअर बदलायचा म्हणजे चालकाला डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाचा वेग जुळवणे, पुन्हा क्लच आणि मग पुढचा गिअर. वेळ चुकली, की दाते करकरत. सिंक्रोमेशने हे वेग जुळवण्याचे काम बॉक्समधल्या कड्यांवर सोपवले. कॅडिलॅकने तो १९२८ मध्ये मोटारीत आणला होता. आपल्या ट्रकांपर्यंत यायला पुष्कळ काळ गेला, आणि अशोक लेलँडने त्यासाठी जर्मनीच्या झेडएफचे तंत्रज्ञान घेतले. पण जुना बॉक्स काय आणि सिंक्रोमेश काय, गिअर केव्हा टाकायचा हे ठरवणारा चालकच होता. त्यामुळे बॉक्समधला दोष हा बहुधा झिजेचाच असे. दाते घासलेले, बेअरिंग वाजणारे, कडे गुळगुळीत झालेले. हे सगळे खोलल्यावर डोळ्यांना दिसे आणि बोटाला लागे. परवाना-राजच्या काळात सुटा भाग मिळणे कठीण आणि मजुरी स्वस्त, म्हणून खोलून, घासून, भरून पुन्हा बसवणे हाच शहाणपणा होता. त्या यंत्रासाठी आणि त्या अर्थव्यवस्थेसाठी तो सल्ला बरोबरच होता.

ऑटोमॅटिकने बदलले ते नेमके हेच: केव्हा बदलायचा, हा निर्णय चालकाकडून बॉक्सकडे गेला. हर्मन फ्योटिंगरने १९०५ मध्ये द्रवातून शक्ती नेण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढच्या टॉर्क कन्व्हर्टरचा पाया घातला. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक १९३९ मध्ये ओल्ड्समोबिलसाठी बाजारात आली. जुन्या हायड्रॉलिक ऑटोमॅटिकमध्ये हा निर्णय तेलाचे दोन दाब करीत. एक दाब गाडीच्या वेगाबरोबर वाढे, दुसरा ॲक्सिलरेटर किती दाबला आहे त्यावर. वेगाच्या दाबाने दुसऱ्यावर मात केली, की व्हॉल्व्ह सरके आणि वरचा गिअर पडे. आता निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे बघा. थ्रॉटलपासून बॉक्सपर्यंत येणारी केबल गरजेपेक्षा ताणलेली असेल, तर बॉक्सची समजूत अशी होते की चालक जोरात दाबतो आहे, आणि गिअर उशिरा पडतो. आत एकही दाता झिजलेला नसतो. त्या गाडीचा बॉक्स कितीही वेळा खोलला तरी काही सापडणार नाही. बाहेरून केबल नीट केली की काम झाले. पुढच्या पिढीत केबलची जागा सेन्सर, सोलेनॉइड आणि कंट्रोल युनिटने घेतली, पण प्रश्न तोच राहिला.

म्हणून उशिरा पडणाऱ्या गिअरचे निदान एका फरकावर उभे राहते: हुकूम उशिरा निघतो, की हुकूम वेळेवर निघून अंमल उशिरा होतो? इंजिन चढत राहते, वेग वाढतो आणि गिअर नेहमीपेक्षा उशिरा, पण घट्ट पडतो, तेव्हा संशय हुकुमावर घ्यायचा: थ्रॉटल केबल किंवा सेन्सर, वेगाचा सेन्सर, जुन्या बॉक्समध्ये वेगाचा दाब ठरवणारा अडकलेला गव्हर्नर. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज मध्येच उसळतो आणि गाडी क्षणभर ओढ सोडते, किंवा ‘डी’मध्ये टाकल्यावर गाडी थांबून मगच पकड घेते, तेव्हा दोष अंमलाचा असतो: तेल कमी, दाब कमी, आतल्या क्लचप्लेटी झिजलेल्या किंवा सील कडक झालेले. त्यानंतरचा प्रश्न, थंड गाडीत की गरम गाडीत? सकाळी पहिल्याच वेळी पकड उशिरा येत असेल, तर कडक झालेले सील आणि दाट तेल. तासभर चालल्यावर येत असेल, तर पातळ झालेले तेल झिजलेल्या जागांतून गळून दाब पडतो. पारा ४५ अंशांकडे जाणाऱ्या विदर्भाच्या उन्हाळ्यात हा दुसरा प्रकार विशेष लक्षात ठेवावा. मात्र थंड इंजिनात पहिली काही मिनिटे वरचा गिअर मुद्दाम उशिरा टाकणाऱ्या गाड्याही असतात. तो दोष नव्हे. ज्या बॉक्सला डिपस्टिक आहे, त्याचे तेल पाहिले तरी बरेच कळते. लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळे आणि जळका वास येणारे असेल तर आत प्लेटी जळत आहेत. मग गेज लावून दाब मोजायचा. दाबच कमी भरला तर शोध पंप, गाळणी आणि गळतीकडे जातो. दाब पुरेसा असून पकड सुटत असेल तर प्लेटींकडे. खोलण्याची पाळी यानंतर.

यावर पहिला आक्षेप असा, की स्कॅनर आल्यावर हे सगळे प्रश्न कशाला? स्कॅनर जोडावा, कोड वाचावा, भाग बदलावा. पण कोड सांगतो तो विजेच्या मार्गातला किंवा अपेक्षित आकड्यातला बिघाड. सोलेनॉइडचा कोड आला म्हणजे सोलेनॉइडच गेला असे नाही. तुटलेली वायर, गंजलेला कनेक्टर किंवा घाण तेलही तोच कोड देऊ शकते. शिवाय भारतात ओबीडीचा, म्हणजे गाडीतच बसवलेल्या निदानयंत्रणेचा, पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये सक्तीचा झाला, आणि तोही मुख्यतः प्रदूषणाच्या देखरेखीसाठी. त्याआधीच्या जुन्या ऑटोमॅटिकला सर्वसाधारण स्कॅनर फारसे काही विचारू शकत नाही. यंत्र उत्तर देते, पण नेमका प्रश्न माणसानेच ठरवायचा असतो.

दुसरा आक्षेप गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतो: जुन्या ऑटोमॅटिकचे तेल बदलू नये, बदलले की गिअर सुटतो. यात अनुभवाचा अंश आहे. जळलेल्या प्लेटींची बारीक पूड जुन्या तेलात मिसळून थोडी पकड देत असते. नवे तेल घातले की ती जाते आणि झीज उघडी पडते. पण यावरून तेलाने बॉक्स मारला असे म्हणणे म्हणजे ताप मोजणाऱ्या थर्मामीटरला दोष देणे होय. तेल वेळेवर बदलत गेले असते, तर ही पाळी आली नसती. म्हणून तेलाचा रंग आणि वास आधी पाहावा, आणि पकड सुटू लागलेल्या बॉक्समध्ये केवळ तेलाने चमत्कार होईल अशी आशा ग्राहकाला दाखवू नये.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: भंडाऱ्यात अशा गाड्या किती? जिल्हा धानाचा; रस्त्यावर ट्रॅक्टर, टेम्पो आणि मॅन्युअल गाड्या. आक्षेप खरा आहे, पण अपुरा. खाजगी कारची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि जुन्या गाड्या मोठ्या शहरातून लहान शहरात उतरत राहतात. नागपूरला वापरलेली एमएच ३१ क्रमांकाची गाडी पुढे भंडाऱ्याच्या, म्हणजे एमएच ३६ च्या रस्त्यावर फिरू लागते. त्यातच २०१४ च्या सेलेरिओपासून एएमटी स्वस्त कारपर्यंत पोहोचली. एएमटीत दाते आणि क्लचप्लेट ओळखीचीच असतात, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला चालकाऐवजी ॲक्च्युएटर असतो. तिच्यात मागे-पुढे होणारा झटका हा बऱ्याचदा तिचा स्वभाव असतो. बिघाड ठरवायचा तर आधी क्लचची झीज आणि ॲक्च्युएटरचा दाब पाहावा लागतो. इथेही तोच फरक करावा लागतो: हुकूम की अंमल?

डबल क्लचपासून सिंक्रोमेश, सिंक्रोमेशपासून ऑटोमॅटिक या प्रवासात चालकाचे कौशल्य टप्प्याटप्प्याने बॉक्सकडे गेले. त्याबरोबर दोषही दात्यांतून दाबात आणि दाबातून तारांत गेला. ज्या मिस्त्र्याने ट्रकच्या आवाजावरून कोणता गिअर वाजतो ते सांगितले, त्याचे ज्ञान यामुळे संपले असे समजण्याचे कारण नाही. आवाज केव्हा येतो, चढावर की उतारावर, भाराने की रिकाम्या गाडीत, हे विचारल्याशिवाय तोही पाना हातात घेत नव्हता. त्याचे हे प्रश्न नव्या गॅरेजनेही घ्यायला हवेत. बॉक्स आधी खोलायचा, ही त्याच्या काळाची सोय होती. आज एक बॉक्स उघडण्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. तेव्हा ती सोय आता परवडत नाही.