धुळीचा दिवस



अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी यंदा आम्ही रानात घरच्यांसाठी खेळांचा दिवस ठेवला. मुलगा-सून पुण्याहून आले, पुतणे इचलकरंजीहून आणि वन्सं बेळगावहून. एकूण एकवीस माणसं, त्यात नऊ पोरं. दिवस छान झाला. पण त्याआधी माझं आणि सूनबाईचं थोडं वाजलं होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही.

तिनं हौसेनं यादी करून आणली होती. पाण्याचे तीनशे फुगे, प्लास्टिकचा लांब कागद अंथरून त्यावर साबणाच्या पाण्याची घसरगुंडी आणि शेवटी चिखलात रस्सीखेच. मी कॉमर्सची, आधी हिशेब केला. एका फुग्यात पाव लिटर धरलं तरी पंचाहत्तर लिटर नुसते फुगेच पिणार. घसरगुंडीला दुपारभर पाइप चालू ठेवायचा, ते वेगळंच. विहिरीनं तळ गाठलेला, आणि हे सगळं पाणी न गाळलेलं! फुटलेल्या फुग्यांचे तुकडे रानात राहणार. मी सरळ नाही म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "मग आई, पोरांनी इथं येऊनसुद्धा मोबाइलच बघायचा का?"

मला उत्तर देता आलं नाही. नाही म्हणायला धर्म आठवला होता, पण त्या जागी काय द्यायचं हे माहीत नव्हतं. मग चार दिवस मंदिराच्या ग्रंथालयातली कपाटं उघडली, जुन्या माणसांना विचारलं. त्यातून जे हाती लागलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण तिच्याकडे खेळ म्हणून मी कधी पाहिलं नव्हतं. राजकुमार वर्धमान मित्रांबरोबर झाडाशी खेळत होते. संगम देव त्यांची परीक्षा घ्यायला मोठ्या सापाचं रूप घेऊन झाडाला विळखा घालून बसला. बाकीची मुलं पळाली, वर्धमान घाबरले नाहीत. दिगंबर परंपरेत ही कथा आचार्य गुणभद्रांच्या उत्तरपुराणात येते. श्वेतांबर परंपरेत त्या खेळाचं नावही आहे, आमलकी क्रीडा. मुलांनी झाडाकडे धावत सुटायचं. जो आधी झाडावर चढून खाली उतरेल तो जिंकला, आणि हरलेल्यानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवायचं. 'महावीर' हे नाव या प्रसंगाशी जोडलेलं आहे. म्हणजे आपण रोज ज्या नावानं भगवंतांना आठवतो, ते एका खेळात पडलेलं नाव आहे. पाठशाळेत मुलांना आपण साप सांगतो, निर्भयता सांगतो आणि खेळ मात्र गाळून टाकतो.

आता आपल्याकडचा सूरपारंब्या आठवा. जमिनीवर रिंगण आखायचं, एकानं पायाखालून काठी लांब भिरकवायची. ज्याच्यावर राज्य त्यानं ती आणून रिंगणात ठेवायची, तोवर बाकीच्यांनी वडावर चढायचं. मग तो शिवायला येणार, आणि त्याला चुकवून पारंबीवरून खाली उतरून काठी गाठायची. दोन्ही खेळांत झाड, धाव आणि चढ-उतार तीच. एकातूनच दुसरा आला असं मी म्हणत नाही. पण झाड हेच मैदान, ही कल्पना आपल्या मातीत फार जुनी आहे एवढं नक्की.

मराठी संतांच्या वाणीतही खेळांची मोठी जत्रा भरलेली आहे. एकनाथ-तुकारामांच्या रचनांत हुतूतू, हमामा, हुंबरी, फुगडी, टिपरी, चेंडू आणि विटीदांडू येतात. ऐकणाऱ्या साध्या माणसांना ते समजावून सांगावे लागत नव्हते, म्हणजे तेव्हाही ते गल्लोगल्ली चालू असणार.

हे खेळ उन्हाळ्यात रंगायचे त्याला कारण होतं. आमच्या भागात शाळू निघाला, मळणी झाली, की रानं मोकळी पडायची. खळ्याची जमीन आधीच चोपून घट्ट केलेली असायची. मृगाच्या पेरणीपर्यंत माणसाला आणि बैलाला जरा उसंत असायची. तेवढेच दोन-अडीच महिने हुतूतू आणि आट्यापाट्यांचे. आट्यापाट्यांना लागतं काय? आडव्या पाट्या, मधून उभी सूरपाटी, आणि त्या आखायला चुलीतली राख. एकेक पाटी चुकवत पार जायचं आणि 'लोण' घेऊन परत यायचं. या खेळांना पाणी लागत नाही. घाण होते ती धुळीची, अंघोळीच्या दोन तांब्यांत जाणारी.

यात आपल्या आचाराचाही मेळ आहे. पहिला पाऊस पडला की जमिनीत जीव उत्पन्न होतात, अंकुर फुटतात, मुनिमहाराज पुढे चातुर्मासासाठी एका जागी थांबतात. आमच्या सासूबाई मृग लागल्यावर पोरांना रानात हुंदडू देत नसत. "आता खाली जीव आहे," म्हणायच्या. वैशाखातल्या कोरड्या, झाडून घेतलेल्या जमिनीवर मात्र त्यांची कधी हरकत नसे. खेळाचा हंगाम आणि जीवदयेचा हंगाम एकमेकांच्या आड येत नव्हते.

मग हे खेळ गेले कुठं? सगळे मोबाइलला दोष देतात, पण मोबाइल खूप नंतर आला. आमच्याकडे आधी ऊस आला. शाळू चार-पाच महिन्यांत रान सोडतो. ऊस वर्षभर उभा, आडसाली तर जवळजवळ दीड वर्ष. कालव्याचं पाणी आणि साखर कारखाने आले, घरात चार पैसे आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमची घरं त्यावरच उभी राहिली. पण त्या नफ्यात एक तूटही होती, मोकळं रान. ती कुणी वहीत मांडली नाही.

दुसरीकडे, शहरांत हे खेळ जपलेही गेले. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला आणि १९१४ च्या सुमारास तिथं खो-खोचे नियम बांधले गेले. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे खंड काढून देशी खेळांची माहिती मराठीत आणली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं तिथं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. राखेच्या रेघांच्या जागी फक्कीच्या रेघा आल्या, घड्याळ आलं, पंच आले.

पण या सगळ्यात बायका कुठं होत्या? आपल्या वाट्याला फुगडी, झिम्मा आणि पिंगा. त्यातही दम लागतो, पण ते अंगणातले, सणावारी खेळायचे. मैदानाची पायरी आपल्याला उशिरा मिळाली. खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, ती पुरुषांची. महिलांची पहिली झाली १९६०-६१ मध्ये, आणि ती कुठं, तर आपल्या कोल्हापुरात! इतकी वर्षं या भागात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

हे मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं, तेव्हा वन्सं एकदम म्हणाल्या, "आमच्या शाळेच्या बाईंनी ती स्पर्धा पाहिली होती. त्यांनीच आम्हाला खो-खो शिकवला."

मग चाळीस वर्षांत कधी न निघालेली गोष्ट निघाली. वन्सं आठवीत असताना शाळेच्या संघात होत्या. तालुक्याला निवड झाली होती. जायच्या आदल्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, पोरगी आता मोठी झाली, चारचौघांत धावणं बरं नव्हे. संघ त्यांच्याशिवाय गेला. त्यात आमच्या सासूबाईही होत्या, ज्यांची जीवदया मी आत्ताच तुम्हाला सांगितली. मुंगीला जपणाऱ्या घराला आपल्या लेकीचं मन दुखावल्याचं कळलं नाही. कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. मीही माझ्या मुलीला 'उन्हात काळी पडशील' म्हणून किती वेळा आत बोलावलं असेल!

तर आमचा दिवस असा झाला. सकाळी उसाचा रस. भगवान ऋषभदेवांचा दीर्घ उपवास हस्तिनापुरात राजा श्रेयांसांनी याच रसाच्या आहारानं सोडवला, हे पोरांना रस पितापिता सांगितलं. मग सूनबाईनं आणि मी मिळून जमीन मऊ कुंच्यानं झाडली. एका कोपऱ्यात मुंग्यांची ये-जा होती, तिथं चार दगड मांडून तो भाग सोडला. दुपारच्या उन्हात आंब्याखाली विसावा, कैरीची डाळ आणि गाळलेल्या पाण्याचं पन्हं. द्विदल होईल म्हणून ताक डाळीबरोबर न देता ऊन उतरल्यावर वेगळं दिलं. सूर्यास्ताआधी जेवणं होतील असा बेत होता.

चार वाजता खो-खोचे खांब रोवले. आठ जण आलटून-पालटून तोंडं करून बसणार, नववा पळणार. धाकटं नातवंड झोपलं, म्हणून एक माणूस कमी पडलं. पोरं ओरडली, "आत्याआजी, तुम्ही बसा!" कुणीतरी बसायला पाट आणला. वन्संनी निऱ्या खोचल्या, पाट बाजूला सारला आणि उकिडव्या बसल्या. वय सदुसष्ट, गुडघे दुखरे. मी "अहो वन्सं" म्हणेपर्यंत त्यांना खो मिळालासुद्धा.

त्या फार धावल्या नाहीत. एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, हा नियम त्यांच्या अंगात मुरलेला होता. पुतण्याच्या मुलाला त्यांनी हळूहळू खांबाकडे रेटलं आणि तिथं हलकेच हात लावला. तो चकित, आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय, आणि वन्सं धापा टाकत विचारतायत, "डाव संपला नाही ना? अजून वेळ आहे ना?"

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो आपल्या मुलींनी जिंकला आणि कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. हे मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघितलाय मी. सगळे सामने बघितले." घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी पोरांच्या अंगावर धुळीचे थर होते. धुणं जास्त पडलं, ते सूनबाईनं आणि मी वाटून घेतलं. तिच्या यादीतली रस्सीखेच झाली, कोरड्या मातीत. फुग्यांची आठवण कुणी काढली नाही.

तुमच्या घरीही असा दिवस ठेवा. रान नसलं तर मंदिरामागचं किंवा सोसायटीचं पटांगण चालेल. राख, दोन खांब आणि पन्हं एवढं पुरतं. आणि मैत्रिणींनो, खेळ सुरू व्हायच्या आधी घरातल्या मोठ्या बायकांना एकदा विचारा, की तुम्ही लहानपणी काय खेळत होता आणि ते कधी थांबलं.

जय जिनेंद्र.