वयोमुद्रेची कुळकथा

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' १९८२ साली प्रदर्शित झाला, तेव्हा वाट चुकलेल्या एका परग्रहवासी जिवाला घरात दडवून ठेवणाऱ्या मुलांची ती निरागस कथा ब्रिटनने लहानथोर सर्वांस खुली केली, अमेरिकेने पालकांच्या देखरेखीची सूचना जोडून पडद्यावर येऊ दिली, आणि स्वीडनने मात्र, तीत वडीलधारी माणसे मुलांशी शत्रुवत् वागताना दिसतात या सबबीवर, अकरा वर्षांखालील मुलांना चित्रगृहाची पायरी चढू दिली नाही. चित्रपट एकच, मुलांचे वयही तेच; मग निवाडे इतके भिन्न का? बालमनाच्या शास्त्रात याचे उत्तर शोधू जाणारा बहुधा रिक्तहस्ते परतेल. त्याने त्या त्या देशाची जुनी दप्तरे आणि निकालपत्रे चाळावीत.

आपल्याकडील प्रमाणपत्राचे मूळ ज्या ब्रिटिश घराण्यात आहे, त्याचा जन्म नीतीच्या चिंतेतून झाला नाही, आगीच्या भयातून झाला. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती दिव्याच्या उष्णतेने सहज पेटे आणि एकदा पेटली की पाण्यात बुडवूनही विझत नसे. त्यात हे खेळ कोठेही, रिकाम्या दुकानात किंवा जत्रेच्या तंबूतही चालत. तेव्हा १९०९ साली पार्लमेंटने कायदा करून चित्रगृहांना परवाने देण्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलांकडे सोपविला, त्यामागील हेतू एवढाच की प्रक्षेपणयंत्राची कोठडी वेगळी असावी आणि आग लागल्यास प्रेक्षकांचे प्राण वाचावेत. पडद्यावर काय दिसावे, याविषयी त्या कायद्यात चकार शब्द नव्हता.

परंतु परवाना देणारा हात अटी घालू लागला की त्याला सहसा आवर राहत नाही. लंडन कौंटी कौन्सिलने रविवारी खेळ बंद ठेवण्याची अट घातली. बर्मंडसीच्या एका बायोस्कोप कंपनीने ती मोडली आणि कज्जा न्यायालयात गेला. कंपनीचा युक्तिवाद अगदी सरळ होता: कायदा आगीपुरता आहे, आणि आग काही वार पाहून लागत नाही. १९११ साली निकाल मात्र कौन्सिलच्या बाजूने लागला, कारण अटी केवळ सुरक्षिततेपुरत्याच असाव्यात असे कायद्याच्या शब्दांत न्यायाधीशांस आढळले नाही. माझ्या मते चित्रपट-नियंत्रणाच्या इतिहासात याहून अधिक परिणामकारक निकाल विरळा. कारण ज्याला रविवारी दार बंद करता येते, त्याला सोमवारी कोणता चित्रपट दाखवावा हेही सांगता येते, ही गोष्ट कौन्सिलांच्या ध्यानी येण्यास वेळ लागला नाही.

गावोगावी वेगळा निवाडा होऊ लागला तर धंदा बुडेल, या धास्तीने चित्रपट-व्यावसायिकांनीच १९१२ साली आपले परीक्षण मंडळ उभारले. जानेवारी १९१३ पासून ते दोन प्रकारचे दाखले देऊ लागले: सर्वांसाठी 'यू' आणि प्रौढांस अधिक योग्य म्हणून 'ए'. हा 'ए' आरंभी निव्वळ सल्ला होता. पुढे कौन्सिलांनी परवान्याच्या अटींत त्याला स्थान दिले आणि सोळा वर्षांखालील मुलांनी असा चित्रपट पालकासमवेतच पाहावा असे ठरविले. त्यावर लंडनच्या पोरांनी तिकिटाच्या खिडकीशी उभे राहून अनोळखी गृहस्थांना घटकाभर पालक करण्याचा उपाय शोधून काढला, ज्यापुढे कोणत्याही मंडळाचे शहाणपण फिके पडावे. मंडळाचे अध्यक्ष टी. पी. ओकॉनर यांनी चित्रपटात काय नसावे याची त्रेचाळीस कलमे नोंदविली होती, आणि हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकारी तिरस्करणीय भासतील असे विषय त्यांत वर्ज्य होते, हे वाचल्यावर बालकांच्या रक्षणाची भाषा किती दूरवर पोहोचते ते उमजते.

हिंदुस्थानात १९१८ चा कायदा आला, तो आगीची काळजी व चित्रपटांची परीक्षा ही दोन्ही कलमे एकाच कागदावर घेऊन. १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे मंडळे स्थापन झाली. त्यांच्या कारभारात पोलीस कमिशनरांचे वजन मोठे होते आणि त्यांची दृष्टी मुलांपेक्षा राज्याच्या स्थैर्यावर अधिक खिळलेली होती. 'भक्त विदुर' मधील विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून १९२१ साली मद्रासेत तो चित्रपट बंद पडला. प्रभातच्या 'स्वराज्य तोरण' ला 'उदयकाल' हे सौम्य नाव धारण करावे लागले. प्रेक्षकाचे वय या दप्तरात शिरले ते स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या दुरुस्तीने. आणि अक्षरे तीच लंडनची, 'यू' व 'ए'.

स्वीडनचे घराणे निराळे. तेथे मुलांच्या काळजीने शिक्षकवर्ग पुढे सरसावला आणि १९११ साली सरकारी कचेरी स्थापन होऊन पंधरा वर्षांची मर्यादा आली. मोठ्यांच्या वागणुकीवरून 'ई. टी.' ला दोष देणे या परंपरेस साजेसेच होते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली चित्रपटास निव्वळ व्यापार ठरविले व १९५२ साली तो निर्णय फिरविला. सरकारी हस्तक्षेप टळावा म्हणून १ नोव्हेंबर १९६८ पासून निर्मात्यांच्या संघटनेने, तिचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी यांच्या पुढाकाराने, स्वतःच वर्गवारी सुरू केली, जिला आजही कायद्याचे बळ नाही. तिच्यात १९८४ साली तेरा वर्षांची पायरी वाढली ती स्पीलबर्ग यांच्याच 'इंडियाना जोन्स' मालिकेतील दुसऱ्या चित्रपटावरून उठलेल्या ओरडीमुळे, आणि ही सूचनाही त्यांचीच.

आपल्या मंडळाच्या नावातील 'सेन्सॉर' जाऊन तेथे 'प्रमाणन' आले ते १९८३ साली. त्याच वेळी 'यूए' हा मधला वर्ग निघाला, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्याचे सात, तेरा व सोळा वर्षांचे तीन भाग पाडले. नाव पालटले तरी कात्री तशीच राहिली. मंडळाने केवळ वर्गवारी करावी, अशी शिफारस श्याम बेनेगल यांच्या समितीने २०१६ साली केली होती. वयाच्या पायऱ्या वाढविण्याचा भाग सरकारने उचलला, कापण्याचा अधिकार सोडण्याचा भाग उचलला नाही. स्वीडनने प्रौढांसाठीची काटछाट २०११ साली कायद्याने संपविली. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकास 'ए' चा चित्रपटही मंडळाने कापून दिलेलाच पाहावा लागतो, आणि अपिलाचे न्यायाधिकरण २०२१ साली बरखास्त झाल्यापासून त्याविरुद्ध तक्रार असलेल्या निर्मात्यास थेट उच्च न्यायालयात दाद मागावी लागते.