परागज्वर: मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा उपयोग होतो का?

परागज्वर म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी. नावात ज्वर असला तरी यात ताप येत नाही. एकामागून एक शिंका, नाकातून पाणी, नाक चोंदणे आणि नाका-डोळ्यांना खाज ही त्याची लक्षणे. गवत, गाजरगवत आणि काही झाडे यांचे पराग आपल्याकडे त्रास देतात. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून अनेक रुग्ण बिनऔषधी उपाय विचारतात. त्यातला एक जुना व स्वस्त उपाय म्हणजे जलनेती.

‘मला गुण आला’ एवढे पुरेसे का नाही?

पाऊस पडला, फुलोरा संपला किंवा तुम्ही परगावी गेलात, तरी त्रास आपोआप कमी होतो. शिवाय त्रास अगदी वाढला की माणूस नवा उपाय सुरू करतो. त्यानंतर तो बहुधा उतरणारच असतो, श्रेय मात्र उपायाला मिळते. म्हणून अभ्यासात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट करतात. एक गट नाक धुतो, दुसरा धूत नाही, आणि दोघांची तुलना होते.

अभ्यास काय सांगतात?

कॉक्रेन या संस्थेने 2018 मध्ये 14 अभ्यासांतील 747 रुग्णांची माहिती एकत्र तपासली. नाक धुणाऱ्यांना तीन महिन्यांपर्यंत त्रास कमी जाणवल्याचे दिसले. पण अभ्यास लहान होते, आणि आपण नाक धुतो आहोत हे रुग्णाला कळतेच. त्यामुळे हा पुरावा भक्कम मानला जात नाही. उपचाराला जोड म्हणून हा उपाय करून पाहायला हरकत नाही.

स्वतःवर कसे तपासावे?

• शिंका, वाहणारे नाक, चोंदणे व खाज यांना रोज रात्री 0 ते 3 आकडा द्या. बेरीज वहीत लिहा.
• पहिला आठवडा फक्त नोंद ठेवा. पुढचे दोन आठवडे रोज एकदा नाक धुवा. मग एक आठवडा थांबा.
• चालू औषधे बदलू नका. जादा गोळी लागली तर तीही लिहा.

धुताना बेरीज घटली आणि थांबल्यावर पुन्हा वाढली, तर उपयोग होत असावा. थांबल्यावरही ती कमीच राहिली, तर कदाचित मोसमच ओसरला असेल.

पाणी उकळलेलेच हवे

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 2011 मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे मेंदूतील अमीबाच्या संसर्गाने दगावले. असे क्वचितच घडते, पण ते टाळता येते. पाणी किमान एक मिनिट खळखळ उकळा आणि कोमट होऊ द्या. एक लिटरला 9 ग्रॅम मीठ घाला. भांडे दर वेळी धुऊन कोरडे करा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

धाप, छातीत सुंसुं आवाज, नाकातून रक्त, ताप किंवा एकच नाकपुडी सतत बंद असेल तर लगेच दाखवा. कान दुखत असेल किंवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर विचारल्याशिवाय नाक धुऊ नका. आणि नाक मोकळे वाटते म्हणून दम्याचा पंप स्वतःहून कधीही बंद करू नका.