बास्क भाषेचें मूळ : साक्षीपुराव्याची छाननी

पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशीं, बिस्केच्या उपसागरालगत, स्पेन व फ्रान्स या दोन्ही राज्यांत बास्क लोकांची वस्ती आहे. आपल्या भाषेस ते एउस्कारा म्हणतात. भोंवतालच्या भाषा लॅटिनच्या लेकी. ही मात्र इंडो-युरोपीय कुळांतली नाहीं. कॉकेशस पर्वतांतील भाषांशीं, आफ्रिकेंतील बर्बर भाषांशीं, प्राचीन इबेरियनशीं तिचें नातें जोडून झालें. एकहि मत सर्वमान्य नाहीं.

या भाषेंत मातेस 'आमा' म्हणतात. तें वाचून आम्हांस एके काळीं 'अंबा' व कानडी 'अम्मा' यांचा मोह पडला होता. पण अर्भकांच्या तोंडचे असले शब्द जगभर सांपडतात. पुढें संख्यावाचक शब्द पाहिले. दोहोंस 'बि' म्हणतात, एवढ्यानें 'द्वि' आठवला. तों तीन 'हिरु', चार 'लाउ', पांच 'बोस्त'! आमचा बादरायण संबंध तेथेंच तुटला. व्याकरणांतलें एक साम्य याहून मोहक आहे. 'मनुष्य आला' हें 'गिसोना एतोर्री दा', परंतु 'मनुष्यानें पाहिलें' हें 'गिसोनाक इकुसि दु'. सकर्मक क्रियेच्या कर्त्यास 'क' लागतो, जसा आमच्या भूतकाळीं 'नें'. तथापि त्यांचा 'क' सर्व काळीं लागतो. आणि वळण सारखें म्हणून कूळ एक ठरत नाहीं.

बास्क हे अश्मयुगीनांचे अमिश्र वंशज, या समजुतीसहि आतां आधार उरला नाहीं. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्राचीन अस्थींच्या जनुकपरीक्षेनुसार इ. स. पू. २००० च्या सुमारापर्यंत इबेरियांतील सुमारें ४० टक्के वंशांश स्टेप्पेमूलक लोकांचा झाला होता. पुरुषपरंपरा तर जवळजवळ सगळी बदलली होती. बास्कहि त्यांतून सुटले नाहींत. रोमन व उत्तरकालीन मिश्रण मात्र त्यांच्यांत थोडें झालें. रक्त पालटलें, भाषा टिकली.

लेखी साक्ष तुटपुंजी आहे. पहिलें छापील पुस्तक एचेपारे या धर्मगुरूचें, १५४५ सालचें. त्यापूर्वीं सान मिल्यानच्या मठांतील लॅटिन पोथीवर दोन बास्क टिपा आहेत. अक्वितानियांतील रोमनकालीन शिलालेखांत नेस्कातो, किसोन, आन्देरे हीं नांवें येतात. आज 'नेस्का' म्हणजे मुलगी, 'गिसोन' म्हणजे पुरुष, 'आन्देरे' म्हणजे स्त्री. हा पुरावा आम्ही सर्वांत भक्कम समजतों.

असल्या दुष्काळांत बनावट माल लवकर खपतो, हें जुने कागद जमविणाऱ्यांस सांगणें नको. २००६ सालीं आलाबा प्रांतांतील इरुन्या-वेलेया येथें अतिप्राचीन बास्क शब्द कोरलेलीं खापरें सांपडल्याचें जाहीर झालें. २००८ सालीं तज्ज्ञांनीं तीं खोटीं ठरविलीं. चोर पकडला तो व्याकरणानें. वर दिलेल्या 'गिसोना' मधील अंत्य 'आ' हा निर्देशक प्रत्यय त्या खापरांवर होता. तो तर भाषेंत कित्येक शतकें मागाहून आला. शिवकालीन म्हणविणाऱ्या सनदेंत उत्तर पेशवाईचें मोडी वळण दिसावें, त्यांतलाच हा प्रकार.

म्हणूनच पांप्लोनाजवळ इरुलेगी येथें २०२१ सालीं निघालेला, पंजाच्या आकाराचा कांस्यपत्रा आम्ही जपून पाहतों. तो इ. स. पू. पहिल्या शतकांतला असून त्यावर चार ओळी आहेत. पहिला शब्द प्रथम 'सोरियोनेकु' असा लागला व आजच्या 'सोरियोनेको', म्हणजे भाग्यवान, याशीं जुळविला गेला; पण त्या वाचनावर आक्षेप निघाले आहेत. पुढील ओळींचा अर्थ लागलेला नाहीं. आमच्या वहींत त्या पहिल्या शब्दापुरती नोंद आहे, तीहि शिसपेन्सिलीनें.