किल्टवरचा कोट

किल्टवर कोणता कोट शोभेल, हे आधी कमर ठरवते. किल्ट नेहमीच्या पँटपेक्षा बराच वर, बेंबीच्या जवळपास बांधतात. त्याच्या मागे निऱ्यांचा जाड थर येतो आणि पुढे स्पोरन नावाचा बटवा लोंबतो, कारण या वस्त्राला खिसाच नसतो. त्यावर सुटाचा साधा कोट चढवला की बटवा झाकला जातो, मागे निऱ्या दबतात आणि माणूस उगाच बुटका दिसतो. म्हणून स्कॉटलंडचे शिंपी हा कोट आखूड बेततात आणि पुढच्या दोन्ही कडा बटव्याला वाट देत मागे वळवतात. बाही, कॉलर, बटणे, कापड यांत पिढ्यान् पिढ्या फेरफार झाले, पण ही कापणी टिकून राहिली.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातले, म्हणजे हायलँडमधले, पुरुष काही वार लोकरी कापड कमरेला पट्ट्याने आवळून नेसत. त्याचा खालचा भाग गुडघ्यापर्यंत येई आणि वरचा खांद्यावर टाकलेला असे. आतल्या बंडीकडे फारसे कुणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वरचा भाग गळून नुसता खालचा उरला आणि आजच्या किल्टचे रूप तयार झाले. हा बदल टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज लोखंड-कारखानदाराने घडवला, असे सांगितले जाते. त्यावर स्कॉटिश अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. खांदे मोकळे झाल्यावर मात्र कोट उघडा पडला आणि त्याची शिवण, बटणे, कापड हे सारे दिसण्याच्या गोष्टी झाल्या.

याच सुमारास या पोशाखावर कायद्याची कुऱ्हाड पडली. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या रणात राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचे बंड मोडले गेले आणि त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने हायलँडच्या पोशाखावर बंदी घातली. कायद्यात किल्टबरोबरच टार्टनच्या, म्हणजे चौकड्यांच्या कापडाच्या, वरच्या कोटांचाही उल्लेख होता. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षांची समुद्रापारची हद्दपारी अशी शिक्षा होती. प्रत्यक्षात कायदा सगळ्यांना सारखा लागला नाही. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडचे रोखपाल जॉन कॅम्बेल यांचे विल्यम मॉसमनने १७४९ मध्ये काढलेले चित्र पाहावे: ऐन बंदीच्या काळात हे गृहस्थ नखशिखांत हायलँडच्या पोशाखात, शस्त्रे लावून उभे आहेत. ते सरकारपक्षाच्या घराण्यातले होते, एवढे सांगितले की पुरे.

बंदीतून सैन्याला सूट होती. १७८२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंतची छत्तीस वर्षे हा पोशाख उजळ माथ्याने जगला तो ब्रिटिश फौजेच्या हायलँड पलटणींत. पुढच्या काळातल्या कोटांवर लष्करी शिलाईची छाप राहिली, ती इथून आली. फौजेचा ‘कोटी’ हा पुढे आखूड आणि मागे छोटी शेपटी असलेला कोट होता. १८५५ मध्ये फौजेने तो सोडला आणि हायलँड पलटणींना डबलेट दिला: गळाबंद, कमरेखाली चार पाळ्या सोडलेला, मनगटावर रुंद कफ असलेला. नागरी पोशाखातल्या डबलेटांवर आणि रुंद कफांवर या गणवेशाचे वळण स्पष्ट दिसते.

समारंभाचा पोशाख म्हणून किल्टला प्रतिष्ठा मिळाली ती १८२२ मध्ये. राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, त्या सोहळ्याची सारी मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली होती. राजाने स्वतः लाल टार्टनचा पोशाख केला. त्याचे बिल १,३५४ पौंड झाले आणि खाली घातलेल्या कातडीच्या रंगाच्या तंग विजारीची बरीच टवाळीही झाली. पुढे व्हिक्टोरिया राणीने बालमोरलला बिऱ्हाड केले आणि दरबारी मंडळींत हा पोशाख रुजला. तरीही ठराविक वेळी ठराविक कोट असा काटेकोर नियम तेव्हा नव्हता. राणीने केनेथ मॅक्लेकडून काढून घेतलेली हायलँडरांची चित्रे १८७० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत पेहरावाची विविधता चांगलीच दिसते.

नियम आले ते इंग्रजी संध्याकाळच्या पोशाखामागून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळा डिनर जॅकेट रूढ झाला, तेव्हा किल्टवाल्यांनाही त्याच्या तोडीचे काहीतरी हवे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी शिंप्यांनी जुन्या लष्करी कोटीला रेशमी लॅपेल लावले, आत तीन बटणांचे खोल गळ्याचे जाकीट दिले, गळ्याला बो टाय बांधला आणि कोटाला नाव दिले ‘प्रिन्स चार्ली’. कलोडनच्या राजपुत्राने असा कोट कधी पाहिलाही नव्हता. शिंप्यांना इतिहासातली नावे फार प्रिय असावीत. ‘शेरिफम्यूर’ डबलेट १७१५ च्या लढाईच्या नावाचा आहे, तर ‘माँट्रोझ’ डबलेटचे नाव १६५० मध्ये फाशी गेलेल्या राजनिष्ठ सरदाराची आठवण करून देते. ‘अर्गाइल’ हे नाव कॅम्बेलांच्या मुलखाचे, आणि कलोडनला अर्गाइलची शिबंदी राजपुत्राच्या विरुद्ध लढली होती. दुकानात आता दोन्ही नावांचे कोट एकाच दांडीवर टांगलेले असतात.

आजच्या संकेतांत ‘प्रिन्स चार्ली’ संध्याकाळचा. त्याच्यासोबत फर किंवा चांदीचे काम असलेला बटवा येतो. त्याहून वरच्या दर्जाच्या मेजवानीला मखमली डबलेट आणि गळ्याशी लेसची झालर. दिवसाच्या कार्यक्रमाला अर्गाइल किंवा साध्या कफांचा ‘क्रेल’ कोट, साधा नेकटाय आणि चामड्याचा बटवा. गावाकडच्या कामाला ट्वीडचा कोट. एकच कोट घ्यायचा असेल तर जाणकार चांदीच्या बटणांचा काळा अर्गाइल सुचवतात, कारण नेकटायवर तो दिवसा चालतो आणि बो टायवर संध्याकाळी. ही शिफारस शहाणपणाची आहे, पण लग्नात ती फारशी ऐकली जात नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ट भाड्याने देणारी दुकाने वाढली. त्यांनी नवरदेवासाठी ‘प्रिन्स चार्ली’ हाच ठरलेला पोशाख करून टाकला, आणि भर दुपारच्या लग्नातही नवरदेवासह त्याचे करवले रेशमी लॅपेल आणि बो टाय लावून उभे राहतात. संकेत पाळणारे नाके मुरडतात. दुकानदार मात्र पुढच्या शनिवारच्या लग्नासाठी तेच कोट इस्त्रीला टाकतात.