मांजराला बेडरूममध्ये येऊ देऊ नका

घोडपदेवला माझ्या मावशीची खोली आहे. जुनी चाळ, एकच खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी, आणि मनी नावाची मांजर. गेल्या पावसाळ्यात मावसभावाच्या मुलीला रात्री धाप लागायला लागली. तपासणीत दमा आणि मांजराची अ‍ॅलर्जी निघाली. दवाखान्यातून सूचनांचा छापील कागद मिळाला. पहिली सूचना: मांजराला बेडरूममध्ये येऊ देऊ नका.

मावशीने विचारलं, "बेडरूम म्हंजे कुठली रे? पोटमाळा धरायचा का?" आणि लगेच पुढे, "मनीला घालवली तर उंदरांचं काय?"

माझी पीएचडी गिरणगावातल्या घरांच्या इतिहासावर आहे, त्यामुळे हा दुसरा प्रश्न मला झोंबलाच. मांजर इथे लाडापेक्षा कामासाठी आलेलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. उंदरावरची पिसू तो पसरवते हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलं, पण बराच काळ फारसं कुणी मानलं नाही. पुढे १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, काम केलं. प्लेग झालेल्या घरांत त्यांनी गिनिपिग मोकळे सोडले आणि त्यांच्या अंगावर किती पिसवा चढतात ते मोजलं. खोलीचा इतिहास लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगला कागद क्वचितच मिळतो!

तिकडे अमरावतीला अँड्र्यू ब्युकॅनन नावाच्या सरकारी डॉक्टरने वेगळाच हिशेब मांडला. ज्या गावांत मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, म्हणून लोकांनी मांजरं पाळावीत, असं त्याने १९०८ मध्ये लिहिलं. इथे जरा थांबा. मांजरं जास्त असलेली गावं बाकी बाबतींत सारखीच होती का? धान्य कुठे साठवायचे, घरं किती दाट होती? शिवाय मांजरालाही प्लेग होतो. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली, असं आपण सिनॉप्सिसमध्ये लिहिलं तर गाईड पहिल्याच पानावर लाल शाई ओततील. पण ब्युकॅनन चुकला असेल तरी तो माझ्या कामाचा आहे: मांजर तेव्हा सार्वजनिक आरोग्याचा उपाय म्हणून सुचवलं जात होतं.

मग त्या मांजरांनी किती जणांना धाप लागली? मी हौसेने जुन्या अहवालांत 'अ‍ॅलर्जी' शोधायला बसलो. काही मिळालं नाही, आणि मिळणारही नव्हतं. हा शब्दच व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. अनुभव मात्र जुना. लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी होते, आणि मांजराजवळ गेल्यावर उठणाऱ्या दम्याबद्दल त्यांनी १८६० च्या पुस्तकात लिहून ठेवलंय. मुंबईच्या मृत्यूंच्या नोंदींत 'श्वसनाचे रोग' असा एक भलामोठा रकाना असतो. कापसाची धूळ, चुलीचा धूर, न ओळखलेला क्षय, सगळं त्यातच. त्यातून मांजर वेगळं काढता येत नाही. आजचा शब्द घेऊन कालच्या कागदात शिरलात तर रिकाम्या हाताने परत याल, आणि रिकाम्या हाताचा अर्थ 'तेव्हा हा आजार नव्हता' असा लावाल. मी जवळजवळ लावलाच होता.

आता त्या छापील सूचनेकडे. त्रास मुळात केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या तेलकट ग्रंथींत 'फेल डी १' नावाचं प्रथिन असतं. ते अंग चाटतं, ते सुकतं, आणि त्याचे बारीक कण तासन्‌तास हवेत तरंगतात, गोधडीत बसतात, कपड्यांवरून शाळेतही पोचतात. मांजर घालवलं तरी घरातलं प्रमाण उतरायला चार-सहा महिने लागू शकतात. म्हणून आठ दिवस मनीला दुसरीकडे ठेवून "काय फरक नाय पडला" म्हणणं बरोबर नाही.

सूचना शास्त्राला धरून आहे, फक्त तिने घर गृहीत धरलंय. प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, हवा-उजेडाच्या गोष्टी झाल्या. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींची खोली १६० चौरस फुटांची. गिरणी कामगारांना म्हाडाने दिलेली घरं २२५ चौरस फुटांची. शंभर वर्षांत ६५ फूट वाढले. त्यात मांजराला बाहेर ठेवून दार लावता येईल अशी झोपायची वेगळी खोली कुठे बसवायची?

मावशीने शेवटी आपल्या परीने वाट काढली. मुलीचा इन्हेलर डॉक्टरांनी सांगितला तसा रोज, धाप नसली तरी. तिच्या चादरी गरम पाण्यात, अंथरूण वेगळं. धान्याला झाकणाचे डबे, मोरीला जाळी. मनीचं ताट आणि गोणपाट बाहेर गॅलरीत. रात्रीची धाप कमी झालीये, थांबलेली नाही.

मुलाखतींत मी आता एक प्रश्न वाढवलाय: घरात मांजर होतं का, आणि ते झोपायचं कुठे? लोक आधी हसतात, मग बरंच बोलतात. गॅलरी मात्र अख्ख्या मजल्याची. शेजारच्या काकूंचं म्हणणं, मनीचे केस त्यांच्या पापडांवर पडतात. तो वाद अजून चालू आहे.